हसविणारे पिशाच आणि वाचणारा आवाज

भूत म्हटले की भीती आणि हिशेबनीस म्हटला की कंटाळा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु या दोघांची एकाच देहात गाठ घालून दिली, तर भीती उरत नाही आणि कंटाळाही उरत नाही. उरते ते केवळ हसू. ड्रू हेज या अमेरिकन लेखकाने २०१४ साली नेमके हेच केले. त्याच्या पुस्तकाचे नाव चांगले लांबलचक आहे: ‘द अटर्ली अनइंटरेस्टिंग अँड अनॲडव्हेंचरस टेल्स ऑफ फ्रेड, द व्हॅम्पायर अकाउंटंट’. मराठीत सांगावयाचे तर, फ्रेड नावाच्या रक्तपिपासू हिशेबनिसाच्या अत्यंत नीरस आणि साहसशून्य कथा. पुढे याची मालिकाच झाली. हे पुस्तक जितके वाचले गेले, तितक्याच आवडीने ते ऐकलेही गेले. कारण कर्बी हेबोर्न या नटाने ते ध्वनिमुद्रित करून श्रोत्यांच्या कानांपर्यंत पोचविले. विनोदी पिशाचकथा ऐकण्यात गोडी कशाची, आणि त्या गोडीत वाचणाऱ्या आवाजाचा वाटा किती, हे समजून घेण्यास या पुस्तकाइतके सोयीचे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

प्रथम कथानक पाहू या. फ्रेड हा एकलकोंडा, भिडस्त आणि टापटिपीचा गृहस्थ. त्याचे आयुष्य आकडेमोडीत चाललेले. एके दिवशी एक व्हॅम्पायर त्याच्यावर हल्ला करतो आणि फ्रेड स्वतःच व्हॅम्पायर होतो. अशा प्रसंगी कथेतील नायकाने काळा झगा पांघरावा, किल्ल्यात राहावे आणि मध्यरात्री सुंदर तरुणींच्या खिडकीपाशी घुटमळावे, अशी वाचकाची अपेक्षा. फ्रेड यांपैकी काहीही करीत नाही. तो आपला रात्रीच्या वेळी हिशेबाच्या वह्या तपासतो. मरणाने त्याच्या बाहूंत बळ आले, पण स्वभावात तिळमात्र फरक पडला नाही. मग शाळेतील जुन्या सोबत्यांच्या स्नेहसंमेलनास तो जातो, आणि तेथे क्रिस्टल ही त्याची जुनी मैत्रीण त्यास भेटते. ती अशा अमानवी जीवांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यात नोकरीस आहे, हे त्यास मागाहून कळते. पुढे त्याच्याभोवती मंडळी जमतात तीही अशीच. अल्बर्ट हा मरून पुन्हा उठलेला, पण अत्यंत सालस तरुण. बब्बा हा मालमोटार हाकणारा धिप्पाड गडी. रूपांतर पावणारी माणसे लांडगे होतात असा कथांचा शिरस्ता. बब्बाचा मात्र घोडा होतो.

हे हसू नीट समजण्यासाठी ज्या परंपरेची येथे थट्टा केली आहे, ती परंपरा ठाऊक असावयास हवी. पूर्व युरोपातील खेडुतांच्या समजुतीत रक्त शोषणारे प्रेत म्हणजे गावंढळ, सुजलेले, ओंगळ असे काहीतरी होते. त्याला खानदानी पोशाख चढविला तो इंग्रजी साहित्याने. जॉन पॉलिडोरी या तरुण डॉक्टरची ‘द व्हॅम्पायर’ ही कथा १८१९ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यातील पिशाच हा एक उमराव होता. शेरिडन ले फानू यांची ‘कार्मिला’ १८७२ साली आली. त्यानंतर २६ मे १८९७ रोजी ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी बाजारात आली आणि या जातीच्या कथांचे नियम जणू कायमचे ठरून गेले. आरशात प्रतिबिंब न पडणे, आमंत्रणावाचून उंबरठा न ओलांडणे, लसणाचा आणि क्रुसाचा धाक, हे सारे वाचकांस पाठ झाले. १९३१ च्या चित्रपटात बेला लुगोसी या नटाने त्यास झगा, केशरचना आणि संथ परदेशी उच्चार दिले. ज्या गोष्टीचे नियम सर्वांस पाठ असतात, तिची थट्टा करणे सोपे जाते. कीर्तनकाराचे विडंबन ज्याने कीर्तन ऐकले आहे त्यालाच कळते, तसाच हा प्रकार.

स्टोकर यांच्या कादंबरीतील दोन गोष्टी प्रस्तुत विषयाशी विशेष निगडित आहेत. पहिली ही, की ‘ड्रॅक्युला’ लोकांनी वाचण्याआधी ऐकली गेली. स्टोकर हे लंडनच्या लायसियम नाट्यगृहाचे व्यवस्थापक होते. कथेवरील नाट्यहक्क आपल्याकडे राहावेत म्हणून त्यांनी पुस्तक प्रसिद्ध होण्यापूर्वी, १८ मे १८९७ रोजी, तिचे त्या नाट्यगृहात नटांकडून वाचन करविले. दुसरी गोष्ट अधिक मार्मिक आहे. कादंबरीतील डॉ. सेवर्ड आपली रोजनिशी लिहीत नाहीत. ते ती फोनोग्राफच्या मेणाच्या नळ्यांवर बोलून ठेवतात. मीना ही सुविद्य स्त्री ती ऐकावयास मागते, तेव्हा डॉक्टरांच्या ध्यानात येते की हवा तो भाग नेमका कोठे आहे, हे शोधण्याची काही सोयच आपण केलेली नाही! ऐकीव पुस्तकाची ही अडचण पुरती हटली आहे, असे आजही म्हणवत नाही. पण मीना सर्व नळ्या ऐकते आणि त्यातून एक सत्य तिच्या प्रत्ययास येते. त्या आवाजात डॉक्टरांचे दुःख इतके उघडे पडले आहे की ते पुन्हा कोणी ऐकू नये म्हणून ती तो सारा मजकूर टंकलिखित करते. अक्षर दुःख सांगते. आवाज ते दाखवितो. ध्वनिपुस्तकाचे बळ आणि त्याचा धोका, दोन्ही स्टोकर यांनी तेव्हाच ओळखले होते.

मराठी मनास या रक्तपिपासूची ओळख थोडी परकीच राहिली. आपल्याकडे पिंपळावरचा मुंजा आहे, ठेव राखणारा समंध आहे, पाण्यातला गिऱ्हा आहे, खवीस आणि हडळ आहे. गोमंतकात देवचार आहे. परंतु दात रोवून रक्त पिणारा सरदार येथील गावांत वस्तीस आला नाही. दोहोंची गाठ एका भाषांतराने घातली. सर रिचर्ड बर्टन हा इंग्रज अधिकारी १८४२ साली हिंदुस्थानात आला तेव्हा त्याची पहिली नेमणूक बडोद्यास झाली होती. पुढे गोव्यावरही त्याने पुस्तक लिहिले. वेतालपंचविशीच्या कथा त्याने १८७० साली इंग्रजीत आणल्या, तेव्हा शीर्षकात ‘वेताळ’ या शब्दाऐवजी त्याने ‘व्हॅम्पायर’ हा शब्द घातला. शब्द चुकीचाच होता. वेताळ रक्त पीत नाही. गोवा आणि कोकण या भागांत तर तो गावाची राखण करणारा देव म्हणून पूजिला जातो. पण चुकीतही एक योग आहे. त्या कथांतला वेताळ करतो काय? रात्रीच्या अंधारात, चालणाऱ्या राजाच्या खांद्यावर बसून, त्याच्या कानाशी गोष्ट सांगतो. राजाने निमूट ऐकावयाचे; तोंड उघडले की वेताळ परत झाडावर. वाट सरावी म्हणून कानात गोष्ट सांगणारा आवाज, आणि हात गुंतलेला, मुका श्रोता: ध्वनिपुस्तकाचे याहून नेमके चित्र शोधूनही मिळणार नाही.

आता विनोदाचे मर्म. अलीकडे इंग्रजीत ज्यास नागरी अद्भुतकथा म्हणता येईल, असा एक प्रकार फार लोकप्रिय आहे. त्यात भुते आणि जादूगार जुन्या किल्ल्यांत न राहता आजच्या शहरांत राहतात. भाडे भरतात, नोकरी करतात, वाहनांच्या गर्दीत अडकतात. या मांडणीतच हसू दडलेले असते, कारण अद्भुत आणि क्षुद्र यांचा तेथे रोजचा शेजार घडतो. अमर देह लाभला तरी कराचे विवरणपत्र चुकत नाही! हेज यांनी हा विरोध टोकास नेला. त्यांचा नायक स्वतःची कथा स्वतः सांगतो, आणि ती अशा अदबीने की आपण हास्यास्पद आहोत याची त्यास दादच नसावी. मराठी वाचकास ही रीत नवी नाही. बडोद्यास राहून चिं. वि. जोशी यांनी जो चिमणराव निर्माण केला, तोही असाच भित्रा, सज्जन आणि गंभीर चेहऱ्याने स्वतःची फजिती सांगणारा. चिमणरावास उद्या कोणी पिशाचयोनीत ढकलले, तर तो बहुधा फ्रेडसारखाच वागेल.

अशा कथेचे वाचन करणे दिसते तितके सोपे नाही. विनोदी पुस्तक हाती आले की सामान्य वाचणारा ते हसत हसत वाचू लागतो, आणि तेथेच घात होतो. समजा, वाक्य असे आहे: ‘तो राक्षस दार फोडून आत आला तेव्हा मी नुकताच बेरजेच्या तळाशी पोचलो होतो, त्यामुळे मला थोडे चमत्कारिक वाटले.’ हे वाक्य मिस्कील स्वरात म्हटले तर ऐकणाऱ्यास हसू येणार नाही; कारण हसण्याचे काम वाचणाऱ्याने आधीच उरकलेले असते. तेच वाक्य सरळपणे, बेरीज चुकल्याची खरीखुरी हळहळ स्वरात आणून वाचले, ‘त्यामुळे’ या शब्दाआधी अर्ध्या श्वासाइतके थांबले, की विनोद आपोआप उमलतो. हेबोर्नच्या वाचनातील गोडी या जातीची आहे. त्याचा फ्रेड मृदू, नम्र, किंचित अवघडलेला वाटतो. संकट कितीही मोठे असो, त्याच्या स्वरातील सभ्यता ढळत नाही. पात्रांचे आवाजही तो निराळे ठेवतो. पण सोंगाड्याप्रमाणे नव्हे. बब्बाच्या बोलण्यात जडपणा, अल्बर्टच्या बोलण्यात कोवळीक, एवढे सुचविले की श्रोता उरलेले चित्र स्वतः पुरे करतो. याच नटाने २०१२ सालच्या ‘गॉन गर्ल’ या भेसूर रहस्यकथेतील पतीचा भाग वाचला आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे संयम हा त्याच्या कलेचा किती मोठा भाग आहे, ते कळते.

या कामामागील मेहनतही जाणून घेण्यासारखी आहे. वाचणाऱ्याने सारे पुस्तक आधी वाचलेले असावे लागते. नाही तर एखाद्या पात्राचे बोलणे दक्षिणी वळणाचे आहे, ही माहिती शेवटच्या प्रकरणात निघावी आणि तोवरचे सगळे वाचन वाया जावे, असा प्रसंग येतो. खोली बंदिस्त असते. कपड्यांची सळसळ आणि पोटातील गुरगूर सुद्धा यंत्र टिपून घेते. चूक झाली की मागील वाक्यापासून, त्याच पट्टीत, पुन्हा सुरुवात करावयाची. नंतर दुसरा कोणी पुस्तक समोर धरून सर्व ऐकतो आणि गळलेला शब्द दाखवून देतो. एका तासात साधारणतः नऊ हजारांवर शब्द वाचून होतात. म्हणजे नव्वद हजार शब्दांच्या कादंबरीस जवळजवळ दहा तास लागतात. दहा तास एकाच माणसाचा आवाज कंटाळा न आणता ऐकविणे, हे थोडे कसब नव्हे.

आणि हा आवाज श्रोत्याच्या मनात किती खोल रुजतो, याचा एक पुरावा जिम बुचर यांच्या ‘ड्रेस्डन फाइल्स’ या मालिकेत सापडतो. २००० सालापासून सुरू झालेल्या या कथांचा नायक शिकागो शहरातील एक जादूगार असून व्हॅम्पायरांच्या निरनिराळ्या घराण्यांशी त्याचे वैर आहे. बुचर यांचा एक विनोद मासलेवाईक आहे: स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ म्हणजे एका व्हॅम्पायर घराण्याने प्रतिस्पर्धी घराण्याचा नाश कसा करावा, हे जनतेस कळावे म्हणून प्रसिद्ध करविलेली पुस्तिका होय! मात्र या थट्टेतही त्यांनी एक गंभीर धागा सांभाळला आहे. ‘ड्रॅक्युला’त एक साधी बाई प्रवासी जोनाथनच्या गळ्यात क्रूस घालते, तो इंग्लिश चर्चचा असल्याने त्यास ते मूर्तिपूजेसारखे वाटते, पण संकटात त्याचाच आधार वाटू लागतो. बुचर यांच्या कथांत लाकडाच्या वा धातूच्या तुकड्यात सामर्थ्य नाही. ते धारण करणाऱ्याच्या श्रद्धेत आहे. या मालिकेचे वाचन जेम्स मार्स्टर्स करतो. योगायोग असा, की दूरचित्रवाणीवरील ‘बफी’ या मालिकेत स्पाइक नावाचा विनोदी व्हॅम्पायर रंगविणारा नटही तोच. २०११ साली ‘घोस्ट स्टोरी’ या भागाचे वाचन जॉन ग्लोव्हर या दुसऱ्या कसलेल्या नटाने केले. वाचनात खोट नव्हती. पण श्रोत्यांस चुकल्याचुकल्यासारखे झाले, आणि पुढे तो भाग मार्स्टर्सच्या आवाजात पुन्हा मुद्रित करण्यात आला. घरातल्या माणसाचा आवाज बदललेला कोणास रुचेल?

यावर काही विद्वान नाक मुरडतात. ‘ऐकणे म्हणजे काही वाचणे नव्हे, हा आळशांचा धंदा,’ असे ते म्हणतात. या आक्षेपास इतिहासाचे उत्तर आहे. एडिसन यांनी १८७७ साली फोनोग्राफ शोधून काढला आणि पुढल्याच वर्षी त्याचे जे उपयोग सांगितले, त्यांत अंधांसाठी बोलकी पुस्तके हा एक प्रमुख उपयोग होता. अमेरिकेत १९३४ साली आणि ब्रिटनमध्ये १९३५ साली अशी पुस्तके तबकड्यांवर निघू लागली. ब्रिटनमधील पहिल्या पुस्तकांत ॲगाथा ख्रिस्ती यांची एक रहस्यकथा होती आणि जोसेफ कॉनरॅड यांची एक सागरकथा. तबकडीची एक बाजू सुमारे २५ मिनिटे चाले. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले सैनिक हे तिचे पहिले चाहते. ज्याच्या डोळ्यांपुढे अंधार आहे त्याला ‘हे वाचन नव्हे’ असे सांगण्याचा अधिकार कोणास पोचतो? विज्ञानही येथे ऐकणाऱ्याच्या बाजूने उभे आहे. २०१९ साली बर्कली येथील संशोधकांनी त्याच गोष्टी काही लोकांस वाचावयास आणि ऐकावयास दिल्या, तेव्हा शब्दांचा अर्थ लागताना मेंदूत उमटणारे नकाशे दोन्ही वेळी जवळजवळ सारखेच आढळले.

आपल्या परंपरेने हे कधीच मानले होते. ज्ञानेश्वरी किंवा हरिविजय घरोघर पोचले ते पोथी हातात धरणाऱ्या एकामुळे आणि भोवती बसून ऐकणाऱ्या दहांमुळे. १९६० नंतर शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांनी कथाकथनाने सभागृहे भरविली. मिरासदारांची ‘भुताचा जन्म’ ही गोष्ट आजही हसविते. २०१७ सालापासून मराठी पुस्तके मोठ्या प्रमाणावर दूरध्वनी यंत्रावर ऐकावयास मिळू लागली आहेत, आणि इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद अशा ठिकाणी, जेथे मराठीचे पुस्तकांचे दुकान हाताशी नसते, तेथे त्यांचे मोल विशेष आहे. मुलांना मराठी बोलता येते पण वाचता येत नाही, अशा घरांत तर आवाज हीच भाषेची शेवटची दोरी असते.

अर्थात ऐकण्यासही काही शिस्त हवी. मन भटकले तर डोळ्यांप्रमाणे कान मागच्या ओळीवर सहज परतत नाही. यंत्रावर वेग वाढविण्याची सोय असली तरी विनोदी पुस्तक तसे ऐकू नये. विनोद शब्दांत असतो त्याहून अधिक दोन शब्दांमधील थांब्यात असतो, आणि घाई प्रथम त्याच थांब्याचा बळी घेते. आरंभीची दहा मिनिटे ऐकून आवाज आपल्या मनाशी जुळतो की नाही, हे पाहून घ्यावे. स्वतःची कथा सांगणारा नायक असेल तर ऐकण्याची गोडी वाढते, कारण तेथे वाचणारा आणि बोलणारा एकच होऊन जातात.

शेवटी एक गोष्ट उरते, आणि तीच या पुस्तकाचा गाभा आहे. फ्रेड जिवंत होता तेव्हा एकटा होता. त्यास मित्र मिळाले, प्रीती मिळाली, कोणाच्या तरी उपयोगी पडण्याचे समाधान मिळाले, ते सारे मरणानंतर. जुन्या कथेत पिशाच माणसांना माणसांपासून तोडते. या कथेत ते माणसाला माणसांत आणून सोडते. म्हणूनच हसता हसता घसा थोडा दाटून येतो. आणि हे सांगणारा आवाज ज्यांच्या कानी पडतो, तेही पुष्कळदा एकटेच असतात: रात्रपाळीचा पहारेकरी, लांबच्या वाटेवरचा चालक, दृष्टी मंदावलेली आजी, सर्व घर निजल्यावर भांडी आवरणारी गृहिणी. राजा विक्रमाच्या खांद्यावरचे ओझे गोष्टीने हलके झाले नाही. पण वाट मात्र सरली. पिशाचाने सांगितलेली असो वा हिशेबनिसाने, चांगल्या आवाजातली चांगली गोष्ट आजही तेवढे काम करते.